आरोग्य नियोजन आणि लोकांच्या गरजा : बेंगळुरूचा धडा

आरोग्यविषयक योजनेचे यश केवळ उपलब्ध निधीवर किंवा रुग्णालयांच्या संख्येवर अवलंबून नसते. योजना ज्या लोकसमूहासाठी आखली जाते, त्याच्या गरजा नेमक्या कोणत्या आहेत आणि त्या कोणी व कशा ठरविल्या, यावर तिचे यश मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. जिल्हा, तालुका किंवा शहर यांसारख्या निश्चित क्षेत्रातील लोकांचे आजार, त्यांच्या अपेक्षा आणि उपलब्ध सेवा यांचा पद्धतशीर अभ्यास करून अग्रक्रम ठरविणे, या प्रक्रियेस सामुदायिक आरोग्य गरजांचे मूल्यमापन असे म्हणतात. भारतात या विचाराला शास्त्रीय बैठक देणारे एक महत्त्वाचे कार्य बेंगळुरू येथे झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने रुग्णांना एक साधा प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तरावर संपूर्ण देशाचा कार्यक्रम उभा राहिला. हा अनुभव आजच्या जिल्हा आरोग्य आराखड्यांच्या संदर्भातही तितकाच बोधप्रद आहे.

गरज म्हणजे काय?

'गरज' हा शब्द वरवर सोपा वाटला तरी नियोजनाच्या दृष्टीने त्याचे अनेक अर्थ संभवतात. ब्रिटिश अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये गरजांचे चार प्रकार मांडले. तज्ज्ञांनी ठरविलेल्या मानकांवरून निश्चित होणारी ती निकषाधारित गरज. उदाहरणार्थ, सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, हा निकष. लोकांना स्वतःला जी उणीव भासते ती जाणवलेली गरज. ती उणीव दूर करण्यासाठी लोक जेव्हा प्रत्यक्ष दवाखान्यात जातात किंवा सेवेची मागणी करतात, तेव्हा ती व्यक्त गरज ठरते. समान परिस्थितीतील दोन समूहांपैकी एकास सेवा मिळते आणि दुसऱ्यास मिळत नाही, तेव्हा दुसऱ्याची गरज तुलनात्मक ठरते.

या चारही प्रकारांत नेहमीच मेळ असतो असे नाही. तज्ज्ञांना जे आवश्यक वाटते ते लोकांना जाणवत नसेल. लोकांना जे जाणवते ते त्यांनी कोठे बोलून दाखविलेले नसेल. आणि बोलून दाखविले तरी यंत्रणेने त्याची दखल घेतली नसेल. ही तफावत कोठे आहे हे शोधून काढणे, हेच गरजांच्या मूल्यमापनाचे मुख्य कार्य होय.

क्षयरोगाचा प्रश्न आणि बेंगळुरूची संस्था

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात क्षयरोग हा देशापुढील एक अत्यंत गंभीर प्रश्न होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात केलेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, या रोगाचे प्रमाण ग्रामीण भागातही शहरांच्या जवळपास इतकेच असल्याचे आढळून आले. तोपर्यंत क्षयरोग हा प्रामुख्याने दाटीच्या शहरांचा रोग समजला जात असे. देशातील पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहत असल्यामुळे बहुसंख्य रुग्णही खेड्यांतच होते, तर क्षयरोग रुग्णालये व तज्ज्ञ मात्र शहरांत एकवटलेले होते.

याच सुमारास मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने, घरी राहून नियमित औषधे घेणारा रुग्ण आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णाइतकाच बरा होतो, असे सिद्ध केले. या संशोधनाचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार घरी होऊ शकतात हे निश्चित झाल्यावर खरा प्रश्न उरला तो रुग्ण शोधण्याचा.

या प्रश्नाचा अभ्यास करून देशाला परवडेल असा कार्यक्रम तयार करण्यासाठी १९५९ मध्ये बेंगळुरू येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्थेची स्थापना करण्यात आली. तिला जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य लाभले. वैद्यकीय तज्ज्ञांबरोबरच संख्याशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रीय दृष्टीने अभ्यास करणारे संशोधक येथे एकत्र काम करीत होते, हे या संस्थेचे वैशिष्ट्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने येथे काम केलेले डॉ. हाफडान माहलर हे पुढे १९७३ ते १९८८ या काळात त्या संघटनेचे महासंचालक होते. प्राथमिक आरोग्य सेवेचा उद्घोष करणारी १९७८ ची अल्मा-आटा परिषद त्यांच्याच कारकिर्दीत झाली.

तुमकूर जिल्ह्यातील पाहणी

त्या काळात रुग्ण शोधण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे क्ष-किरण यंत्रे बसविलेल्या फिरत्या गाड्या गावोगावी नेऊन सर्वांची छातीची तपासणी करणे. खेड्यातील माणूस अज्ञानी आहे, त्याला रोगाची जाणीव नाही आणि तो आपण होऊन दवाखान्यात येणार नाही, असे गृहीत या पद्धतीमागे होते. हे गृहीत तपासून पाहण्याचे काम डॉ. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी हाती घेतले. बेंगळुरूलगतच्या तुमकूर (आता तुमकुरू) जिल्ह्यात क्ष-किरण व थुंकी तपासणीद्वारे सापडलेल्या रुग्णांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आपल्याला काही त्रास होतो काय, त्याची काळजी वाटते काय आणि त्यासाठी आपण काय केले, हे त्यांना विचारण्यात आले. या अभ्यासाचे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे निष्कर्ष प्रचलित समजुतीला धक्का देणारे होते. थुंकीत जंतू आढळलेल्या जवळजवळ सर्व रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती. त्यांपैकी बहुसंख्यांना त्याबद्दल चिंता वाटत होती. निम्म्याहून अधिक रुग्ण तर उपचारासाठी एखाद्या दवाखान्यात जाऊनही आले होते. परंतु तेथे त्यांची थुंकी तपासली गेली नाही. बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविण्यात आले. म्हणजेच गरज होती, ती जाणवली होती, ती व्यक्तही झाली होती. अभाव होता तो ती ओळखणाऱ्या यंत्रणेचा.

अशा परत पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय होते, हे संस्थेच्याच दुसऱ्या अभ्यासातून स्पष्ट झाले. १९६१ ते १९६८ या काळात बेंगळुरू जिल्ह्यातील ११९ खेड्यांमध्ये क्षयरोगाच्या नैसर्गिक वाटचालीचे दीर्घकालीन निरीक्षण करण्यात आले. थुंकीत जंतू आढळलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४९ टक्के पाच वर्षांच्या आत मरण पावले. सुमारे ३२ टक्के रुग्णांची थुंकी जंतुमुक्त झाली. आणि उरलेले सुमारे १८ टक्के जंतू पसरवीत राहिले. या आकड्यांच्या संदर्भात खोकल्याच्या बाटलीची किंमत लक्षात येते. नियोजनातील एक चुकीचे गृहीत हे अनेक कुटुंबांसाठी जीवनमरणाचा प्रश्न ठरत होते.

पाहणीतून आराखड्याकडे

या निष्कर्षांच्या आधारे संस्थेने जिल्हा हा घटक मानून कार्यक्रमाची रचना केली. आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात तिचा प्रयोग करण्यात आला आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. त्याची प्रमुख सूत्रे पुढीलप्रमाणे होती :

● गावोगावी सरसकट क्ष-किरण तपासणी करण्याऐवजी, दीर्घकाळ खोकला असल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येणाऱ्या व्यक्तींची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी.
● क्षयरोगासाठी स्वतंत्र यंत्रणा न उभारता हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रांसह सर्वसाधारण आरोग्य सेवेत सामावून घ्यावे.
● प्रत्येक जिल्ह्यात एक जिल्हा क्षयरोग केंद्र असावे आणि त्याने प्रशिक्षण, पर्यवेक्षण व औषधपुरवठ्याची जबाबदारी घ्यावी.
● रुग्णास मोफत औषधे त्याच्या घराजवळच मिळावीत.

रुग्ण आपल्या पायांनी जेथे येतो तेथेच सेवा सक्षम करावी, हा या रचनेचा गाभा होता. तिच्यामुळे खर्च कमी होणार होता. शिवाय क्षयरोगाच्या निमित्ताने ग्रामीण आरोग्य सेवा एकूणच बळकट होणे अपेक्षित होते.

तथापि प्रत्यक्ष अंमलबजावणी अपेक्षेइतकी यशस्वी झाली नाही. औषधांचा अपुरा पुरवठा, रिक्त पदे, दुबळे पर्यवेक्षण आणि मध्येच उपचार सोडणाऱ्या रुग्णांचे मोठे प्रमाण या त्रुटी १९९२ च्या आढाव्यात समोर आल्या. त्यानंतर १९९३ पासून प्रत्यक्ष देखरेखीखाली औषधे देण्याच्या पद्धतीचे प्रयोग झाले. १९९७ पासून सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाचा विस्तार होऊन २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. २०२० पासून तो राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम या नावाने ओळखला जातो. गरजेचे अचूक मूल्यमापन ही यशाची आवश्यक अट आहे, पण ती पुरेशी नाही, हा या वाटचालीचा दुसरा धडा होय.

न बोलली जाणारी गरज

तुमकूरमधील रुग्णांनी आपली गरज व्यक्त केली होती. परंतु सर्वच गरजा दवाखान्याच्या दारापर्यंत येत नाहीत. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास याची साक्ष देतो. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले; मात्र त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ ८ टक्के होते. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या काळात ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार मुख्यत्वे बाळंतपण व कुटुंबनियोजन यांपुरताच होत असे. लाज, सहन करण्याची सवय आणि स्त्री-डॉक्टरांचा अभाव यांमुळे दबलेली गरज दवाखान्यातील नोंदवह्यांत कधीच दिसली नसती. त्यासाठी लोकांमध्ये जाऊन, त्यांचा विश्वास संपादन करूनच पाहणी करावी लागते.

लोकांचा अग्रक्रम आरोग्य यंत्रणेच्या अग्रक्रमाहून वेगळाही असू शकतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात, लोकांना प्रथम हवे होते ते अन्न आणि पाणी. त्यांनी त्या मागणीपासूनच आरंभ केला आणि गावातीलच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून प्रशिक्षित केले.

लक्ष्याकडून गरजेकडे

शासकीय धोरणात या विचाराला स्पष्ट स्थान मिळण्यास बराच काळ जावा लागला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कुटुंबनियोजन कार्यक्रमात साधननिहाय लक्ष्ये वरून ठरवून दिली जात. ती पूर्ण करण्याच्या दबावामुळे सेवेच्या दर्जाकडे व लोकांच्या इच्छेकडे दुर्लक्ष होई. १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या व विकास परिषदेनंतर या दृष्टिकोनात बदल झाला. एप्रिल १९९६ पासून देशभर लक्ष्यमुक्त पद्धत लागू करण्यात आली आणि १९९७ मध्ये तिला सामुदायिक गरज मूल्यमापन पद्धती असे नाव देण्यात आले. तिच्यानुसार उपकेंद्राच्या परिचारिकेने आपल्या क्षेत्रातील कुटुंबांची माहिती घेऊन, पंचायत सदस्य, महिला मंडळे, शिक्षक व दाई यांच्याशी विचारविनिमय करून उपकेंद्राचा आराखडा तयार करावा. अशा आराखड्यांच्या एकत्रीकरणातून प्राथमिक आरोग्य केंद्राचा व पुढे जिल्ह्याचा आराखडा तयार व्हावा, असे अपेक्षित होते.

या प्रक्रियेला घटनात्मक आधारही आहे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर अकराव्या अनुसूचीत रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रांसह आरोग्य व स्वच्छता, तर बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य या विषयांचा समावेश झाला. अनुच्छेद २४३ झेडडी अन्वये जिल्हा नियोजन समितीची, तर अनुच्छेद २४३ झेडई अन्वये दहा लाख वा अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रासाठी महानगर नियोजन समितीची तरतूद आहे. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने जिल्हा आरोग्य आराखडा, गाव पातळीवरील समिती आणि आशा स्वयंसेविका यांच्याद्वारे या विकेंद्रित नियोजनास चालना दिली. या अभियानातील लोकाधारित देखरेखीचा प्रयोग ज्या नऊ राज्यांत झाला, त्यांत महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांचा समावेश होता. महाराष्ट्रात २००७ मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व उस्मानाबाद (आता धाराशिव) या पाच जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला. जनसुनवाईच्या माध्यमातून गावकऱ्यांना आरोग्य सेवेतील उणिवा अधिकाऱ्यांसमोर मांडण्याची संधी तेथे मिळाली.

प्रादेशिक विषमता हा नियोजनातील आणखी एक महत्त्वाचा घटक होय. कर्नाटक शासनाने डॉ. एच. सुदर्शन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आरोग्य कृतिदलाने २००१ मध्ये सादर केलेल्या अहवालात समता, गुणवत्ता आणि सचोटी या तीन मूल्यांवर भर दिला व उत्तर कर्नाटकातील मागास जिल्ह्यांकडे विशेष लक्ष देण्याची गरज प्रतिपादन केली. राज्याच्या सरासरीत असे जिल्हे झाकले जातात. तुलनात्मक गरज ओळखण्यासाठी जिल्हानिहाय व तालुकानिहाय माहिती आवश्यक ठरते ती याच कारणाने.

महानगरातील अदृश्य लोकसमूह

शहरांमध्ये ही अडचण अधिक बिकट असते. बेंगळुरू नागरी समूहाची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ५७ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे ८५ लाख झाली. मोठी रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या या शहराची सरासरी स्थिती चांगली दिसते. परंतु त्याच शहरात बांधकाम मजूर, कचरावेचक, रस्त्याच्या कडेला राहणारी कुटुंबे आणि अधिकृत यादीत नोंद नसलेल्या वस्त्यांतील रहिवासीही असतात. ज्या वस्तीची नोंदच नाही, तिची गरज आराखड्यात येणार कशी, हा नागरी आरोग्य नियोजनापुढील मूलभूत प्रश्न आहे. काम संपताच दुसरीकडे जाणाऱ्या मजुराच्या बाळाचे लसीकरण कोणत्या केंद्राच्या नोंदवहीत यावे, हे ठरविणेही सोपे नसते.

१९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविण्यात आलेल्या आठव्या भारतीय लोकसंख्या प्रकल्पात दिल्ली, कोलकाता व हैदराबाद या शहरांबरोबर बेंगळुरूचाही समावेश होता. त्याअंतर्गत झोपडपट्ट्यांजवळ आरोग्य केंद्रे उभारण्यात आली आणि वस्तीतील महिलांची लोक व आरोग्य केंद्र यांना जोडणाऱ्या कार्यकर्त्या म्हणून निवड करण्यात आली. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने सुमारे ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, २०० ते ५०० कुटुंबांमागे एक आशा स्वयंसेविका आणि ५० ते १०० कुटुंबांमागे एक महिला आरोग्य समिती असे निकष ठरविले. त्याचबरोबर असुरक्षित लोकसमूहांची नकाशावर नोंद घेण्यावर भर दिला. २०२५ मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण व पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या. अशा वेळी प्रभागांच्या सीमांबरोबर आरोग्यविषयक माहितीचीही फेरमांडणी करावी लागते. अन्यथा जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करणे अशक्य होते.

मूल्यमापनाचे टप्पे

गरजांच्या मूल्यमापनाची प्रक्रिया सर्वसाधारणपणे पुढील टप्प्यांत विभागता येते :

१. क्षेत्र व लोकसंख्या निश्चित करणे आणि यादीबाहेरच्या वस्त्यांचा शोध घेणे.
२. जनगणना, नमुना नोंदणी पद्धती, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी व आरोग्य संस्थांच्या नोंदी यांतील उपलब्ध माहितीचे संकलन करणे.
३. घरोघरी पाहणी, मुलाखती व गटचर्चा यांद्वारे लोकांचे म्हणणे जाणून घेणे.
४. उपलब्ध मनुष्यबळ, औषधे, इमारती व निधी यांचा ताळेबंद मांडणे.
५. आजाराचे प्रमाण, त्याची गंभीरता, उपायांची उपलब्धता आणि लोकांची निकड यांच्या आधारे अग्रक्रम ठरविणे.
६. कालबद्ध आराखडा व अंदाजपत्रक तयार करून जबाबदारी निश्चित करणे.
७. अंमलबजावणीनंतर त्याच लोकांकडे परत जाऊन फरक पडला की नाही हे तपासणे.

यांपैकी दुसरा टप्पा कार्यालयात बसून पूर्ण करता येतो, म्हणून अनेकदा तेथेच प्रक्रिया थांबण्याचा धोका असतो. मागील वर्षीच्या आकड्यांत थोडी वाढ करून तयार केलेला आराखडा नियमांत बसत असला, तरी त्यास गरजांचे मूल्यमापन म्हणता येणार नाही. तसेच सातवा टप्पा वगळल्यास पुढील वर्षीचे नियोजन पुन्हा गृहीतांवरच उभे राहते.

गरजा बदलतात

एकदा केलेले मूल्यमापन कायमचे पुरत नाही, हेही क्षयरोगाच्याच उदाहरणावरून दिसते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत, क्षयरोगसदृश लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के व्यक्तींनी उपचारासाठी कोठेही संपर्क साधला नसल्याचे आढळले. लक्षणांकडे दुर्लक्ष करणे हे त्याचे सर्वांत मोठे कारण होते. तसेच छातीची क्ष-किरण तपासणी केली नसती, तर निश्चित झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते, असेही या पाहणीत दिसून आले.

तुमकूरच्या अभ्यासात प्रत्यक्ष रुग्णांना प्रश्न विचारले होते, तर या पाहणीतील आकडा लक्षणे असलेल्या सर्वांचा आहे. त्यामुळे दोहोंची सरळ तुलना करता येणार नाही. मात्र धोरणाच्या दृष्टीने दिशा स्पष्ट आहे. सहा दशकांपूर्वी दवाखान्यात येणाऱ्यास ओळखणे हे पहिले काम होते. आता त्याच्या जोडीला, जे येतच नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचणेही आवश्यक ठरले आहे. घरोघरी शोधमोहिमा व सुवाह्य क्ष-किरण यंत्रांचा वाढता वापर हा त्याचाच परिणाम होय. जी पद्धत एके काळी खर्चिक व अनावश्यक ठरली होती, ती बदललेल्या परिस्थितीत वेगळ्या स्वरूपात पुन्हा उपयुक्त ठरत आहे.

समारोप

बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेचे योगदान केवळ एका रोगापुरते मर्यादित नाही. लोक अज्ञानी आहेत असे गृहीत न धरता त्यांनाच विचारावे, मिळालेल्या उत्तरानुसार यंत्रणेत बदल करावा आणि देशाच्या साधनसामग्रीत बसेल अशी रचना शोधावी, ही दृष्टी त्या कार्याने दिली. पंचायत राज संस्था, आशा स्वयंसेविका, जिल्हानिहाय आकडेवारी आणि संगणकीय माहिती प्रणाली ही साधने आज उपलब्ध आहेत. १९६० च्या दशकातील संशोधकांजवळ ती नव्हती. तरीही आरोग्य आराखड्याची खरी कसोटी तेव्हा होती तीच आजही आहे. दवाखान्याच्या दारी आलेला माणूस केवळ औषधाची बाटली घेऊन परत जाणार नाही आणि जो दारापर्यंत येऊच शकला नाही त्याचीही नोंद आराखड्यात असेल, तेव्हाच नियोजन लोकांचे झाले असे म्हणता येईल.